फॉर्म यायचा आहे

२०२५ साली पाऊस लवकर आला आणि फॉर्म उशिरा. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचला. इकडे साताऱ्यात त्याच्या आधीपासूनच अजिंक्यतारा ढगात गेला होता आणि वैशाख सरायच्या आत घराघरांत दोरीवरच्या ओल्या कपड्यांचा वास भरला होता. दुसऱ्या दिवशी, २७ मेला, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं जाहीर केलं की प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची ३१ जुलैची मुदत आता १५ सप्टेंबर. यंदा फॉर्मच्या रचनेत आणि मजकुरात बरेच बदल आहेत, यंत्रणा सज्ज व्हायला आणि भरायची सॉफ्टवेअरं बाहेर पडायला वेळ लागेल, असं कारण दिलं होतं.

माझ्या पडवीत संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींना ही बातमी सांगितली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निवृत्त माणसाला मुदतवाढीचं फारसं अप्रूप नसतं. उलट काम लांबलं म्हणून तो अस्वस्थ होतो. एकानं पिशवीतून काढलेली पासबुकं पुन्हा पिशवीत घातली आणि विचारलं, “म्हणजे फॉर्म यायचाच आहे अजून?”

यायचा आहे आणि आलेला आहे, दोन्ही खरं होतं. सहज आणि सुगम हे दोन फॉर्म एप्रिलच्या अखेरीस राजपत्रात छापून झाले होते. कोणीही ते उतरवून घेऊन वाचू शकत होतं. नव्हतं ते भरायचं साधन, ज्याला सगळे युटिलिटी म्हणतात. आदल्या वर्षी ती १ एप्रिललाच खुली झाली होती, म्हणून त्या वर्षीचं रितेपण जास्त जाणवलं. छापील रकाने समोर आहेत, सांगायची रक्कम हातात आहे, आणि ती घालायला जागा नाही, अशी ती मधली अवस्था.

मी कोषागारात नोकरी केली. उपकोषागारात कारकून म्हणून लागले, उपलेखापाल होऊन बाहेर पडले. आयुष्यभर दुसऱ्यांची निवृत्तिवेतनाची बिलं तपासली, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांच्या चळती लावल्या, आणि आता स्वतःचं निवृत्तिवेतन घेते. त्यामुळे यादोगोपाळ पेठेत कोणाला फॉर्म १६ या करकपातीच्या दाखल्यातला आकडा कळला नाही की तो माझ्याकडे येतो. मी सनदी लेखापाल नाही, पैसे घेत नाही, आणि धंद्याचे हिशेब हातात धरत नाही. फक्त निवृत्तिवेतन, व्याज, आणि हल्ली त्यात शिरलेले म्युच्युअल फंड. मंडळी येतात ती सहसा किराणा दुकानाच्या जुन्या पिशवीत कागद घेऊन. पिशवी जितकी जुनी, तितके आतले कागद नीट लावलेले, हा माझा अनुभव आहे. नव्या कोऱ्या फोल्डरमध्ये हमखास दोन वर्षांची सरमिसळ निघते.

फॉर्म नसताना करायचं काय, हा प्रश्न त्या मे महिन्यात रोज आला. माझं उत्तर एकच होतं: फुलस्केप कागद घ्या, उभी रेघ मारा, आणि वर्ष लिहून काढा. उत्पन्न काही फॉर्मची वाट बघत थांबत नाही. ते होऊन गेलेलं आहे. ३१ मार्चला वर्ष मिटलं, त्यातला एक पैसा आता वाढणार नाही की घटणार नाही. सॉफ्टवेअर आल्यावर या कागदावरचा आकडा तिथे न्यायचा, एवढंच उरतं.

आणि वर्ष लिहायला बसलं की निवृत्तिवेतनाच्या वर्षाची गंमत कळते. सरकारी खात्यात मार्चचा पगार एप्रिलमध्ये पडतो. केंद्र सरकार इतर महिन्यांचं वेतन महिनाअखेरीला देतं, पण मार्चचं मात्र एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी, म्हणजे तो खर्च नव्या वर्षाच्या खात्यावर टाकता येतो. त्यामुळे सरकारी माणसाचं प्राप्तिकराचं वर्ष मार्चच्या पगारानं सुरू होतं आणि फेब्रुवारीच्या पगारानं संपतं. नोकरीत असताना हे सगळ्यांना पाठ असतं. निवृत्त झाल्यावर मात्र पासबुकातल्या बारा नोंदींची बेरीज करताना हटकून कोणीतरी अडतं. “ताई, एप्रिलमध्ये जमा झालेलं हे मार्चचं आहे, मग गेल्या वर्षाचं नाही का?” नाही. हाती आलं त्या वर्षाचं. चाळीस वर्षं थंडी सरता सरता ज्यांचं वर्ष संपलं, त्यांचं ते पुढेही तसंच संपतं. महागाई भत्त्याच्या फरकाची रक्कम मध्येच एखाद्या महिन्यात फुगून बसलेली असते, तिच्यापुढे मी पेन्सिलीनं फुली करते. ती आधीच्या वर्षांची असेल तर तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८९ची सवलत मागता यायची, पण त्यासाठी फॉर्म १०ई आधी ऑनलाइन भरावा लागायचा. तो मागाहून भरला तर सवलत नाकारल्याची सूचना यायची आणि माणूस घाबरून मध्यरात्री फोन करायचा.

कायद्याच्या नजरेत निवृत्तिवेतन हे वेतनच आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १७नं वेतनाची व्याख्या करताना त्यात निवृत्तिवेतनही घातलं. म्हणून ते विवरणपत्रात वेतनाच्याच रकान्यात जातं, आणि देणाऱ्याच्या जागी कोषागार किंवा बँक येते. हे पहिल्यांदा ऐकणारे लोक हसतात. मी हसत नाही, कारण मला त्यात एक जुना हिशेब दिसतो. निवृत्तिवेतन म्हणजे सरकारनं म्हाताऱ्या नोकरावर केलेली मेहेरबानी, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस टिकून होती. १७ डिसेंबर १९८२ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात तिला निरोप दिला. निवृत्तिवेतन हे केलेल्या सेवेचाच मागाहून मिळणारा मोबदला आहे, देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेलं दान नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. पीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, न्यायमूर्ती तुळजापूरकर होते, निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. आजही १७ डिसेंबरला आमच्या संघटनेत पेन्शनर दिन होतो, चहा-पोहे होतात, कोणीतरी नाकारांचं नाव चुकीचं उच्चारतं. पण बघा, कर घेणाऱ्या कायद्यानं हे एकवीस वर्षं आधीच मान्य केलं होतं. देताना मेहेरबानी आणि कर कापताना पगार, असा तो कारभार. न्यायालयानं फक्त दोन्ही खिडक्यांवर एकच पाटी लावली.

वेतन म्हटलं की प्रमाणित वजावट आली. ती २००५च्या अर्थसंकल्पात गेली आणि २०१८ साली ४०,००० रुपयांची होऊन परत आली. तेव्हा नोकरदारांचा प्रवासभत्ता आणि औषधोपचाराची भरपाई यांच्या बदल्यात ती दिली होती. निवृत्तांना यातलं काहीच मिळत नव्हतं, त्यामुळे त्यांना बदल्यात काही न देता ती मिळाली. पुढे तिचे ५०,००० झाले, आणि २०२४च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पानं नव्या करप्रणालीत ७५,००० केले. कुठेही कामाला न जाणाऱ्या माणसाला कामावर जाण्याच्या खर्चाची ही सूट! मी दरवर्षी ती लिहिताना मनातल्या मनात सकाळची कऱ्हाड एसटी पकडते.

फॉर्म उशिरा का आले, याचं मूळही त्याच जुलैमधल्या अर्थसंकल्पात आहे. निवडणुकीनंतरचा पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलै २०२४ला मांडला गेला, आणि शेअर, म्युच्युअल फंड यांच्यावरच्या भांडवली नफ्याचे दर त्याच दिवसापासून बदलले. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १० टक्क्यांचे साडेबारा झाले, अल्प मुदतीच्या नफ्यावर १५चे २०. करमुक्त मर्यादा एका लाखाची सव्वा लाख झाली. वर्षाच्या मधोमध कायद्यानं रेघ मारली. एकाच वर्षात, एकाच फंडातून, रेघेच्या अलीकडे विकलं तर एक दर आणि पलीकडे विकलं तर दुसरा. मग फॉर्ममध्येही ती रेघ आणायला हवी, प्रत्येक व्यवहाराला तारीख विचारायला हवी, बेरजा दोनदा करून एकत्र आणायला हव्यात. जे काम अर्थसंकल्पानं एका दिवसात केलं, ते रकान्यांत उतरवायला वर्ष गेलं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरांना लोक शिव्या देत होते. माझी सहानुभूती त्यांच्याकडे होती. अधिनियम बदलला की बिलाचा नमुना बदलायचा आणि तो बदलेपर्यंत खिडकीबाहेरच्या रांगेला काय सांगायचं, हे मी वर्षानुवर्षं केलेलं आहे.

आणि खरं सांगायचं तर, नुसतं निवृत्तिवेतन आणि बँकेचं व्याज असणाऱ्या माणसाचं या उशिरानं फारसं अडलं नाही. एप्रिलमध्ये सॉफ्टवेअर खुलं झालं तरी त्याच्या हाती फॉर्म १६ कुठे असतो? शेवटच्या तिमाहीत कापलेल्या कराचा तपशील भरायला कापणाऱ्याला ३१ मेपर्यंत मुभा आहे, फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. तोवर २६एएस या कापलेल्या कराच्या पत्रकात शेवटच्या तीन महिन्यांचा कर दिसतच नाही. कोषागारातून कापला जाणारा कर तर पुष्कळदा बँकेत चलनानं भरला जात नाही, हिशेबाच्या वहीतच इकडून तिकडे वळवला जातो आणि त्याला एक ‘बिन’ क्रमांक मिळतो. तो क्रमांक जुळवण्यात एक आकडा चुकला तर कापलेला कर हवेत राहतो. १९६१च्या कायद्याचं कलम २०५ सांगायचं की एकदा कर कापला गेला की तोच कर पुन्हा त्या माणसाकडून मागता येत नाही. पण संगणकाकडून नोटीस आल्यावर कलम २०५ आठवायचं धैर्य पंचाहत्तरीच्या माणसात असावं लागतं. त्यामुळे एप्रिलमध्येच विवरणपत्र भरून मोकळे होणारे उत्साही लोक बघितले की मला काळजी वाटते. २०२५ साली सहजची युटिलिटी ३० मेला आली, फॉर्म १६ जूनच्या मध्यावर, म्हणजे बहुतेकांची गाठ वेळेवर पडली. आमच्या आळीतले गुरुजी ऐंशी ओलांडलेले. त्या वयाच्या माणसाला सहज हा फॉर्म अजून कागदावर भरून देता येतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. गुरुजींनी तो निळ्या शाईनं, एकही खाडाखोड न करता भरला. सॉफ्टवेअर आलं का, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

अडले ते अण्णा.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. त्यांची पत्नी माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. सगळी पेठ तिला बाई म्हणायची, अण्णाही बाईच म्हणायचे. घरात दोन निवृत्तिवेतनं, दोन पासबुकं, आणि हिशेब सगळा बाईंच्या हातात. विवरणपत्रं त्या दोघांची भरायच्या आणि मला दाखवायला आणायच्या ती माझी चूक काढायला, असा माझा संशय आहे. २०२४च्या जूनअखेर त्या आजारी पडल्या. अण्णांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या नावावरच्या फंडातले काही युनिट विकले, ऑगस्टच्या सुरुवातीला उरलेले. १४ ऑगस्टला बाई गेल्या.

आता या एका वर्षाचं कागदावर काय होतं ते पाहा. बाईंचं निवृत्तिवेतन १४ ऑगस्टपर्यंतचं. मृत्यूचा दिवस त्यात धरतात. ऑगस्टमधले ते दिवस हयातीतली थकबाकी म्हणून वारसाच्या हाती येतात, पण उत्पन्न बाईंचं. त्यांच्या नावे वेगळं विवरणपत्र, त्यांच्या पॅनवर, आणि ते भरायला अण्णांनी आधी पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंद करून घ्यायची: मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, दोघांचे पॅन. कर कापला गेलेला, एकूण उत्पन्न तीन लाखांच्या आत. म्हणजे पैसे परत मिळायचे, आणि त्यासाठी गेलेल्या माणसाला एकदा शेवटचं बोलावं लागतं. १५ ऑगस्टपासून पुढे तेच निवृत्तिवेतन, पण कमी होऊन, कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून अण्णांच्या खात्यात. कोषागार तेच, प्रदान आदेशाचा क्रमांकही तोच. पण ते आता वेतन नाही. ज्यानं सेवा केली तोच नाही, तेव्हा मालक-नोकर हे नातं संपलं, असा कायद्याचा तर्क. म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर स्रोतांपासूनच्या उत्पन्ना’त जातं, ठेवींवरच्या व्याजाच्या शेजारी. त्याला प्रमाणित वजावट नाही. रकमेचा एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, जे कमी असेल ते वजा होतं, नव्या प्रणालीत १५,००० ऐवजी २५,०००. स्वतःच्या निवृत्तिवेतनावर ७५,००० आणि बाईंच्या निवृत्तिवेतनावर २५,०००. या तफावतीला काही कारण असेल तर ते मला अजून पटलेलं नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुटुंब निवृत्तिवेतन वेतन नसल्यामुळे त्यातून वेतनासारखा कर कापत नाहीत. फॉर्म १६ येत नाही, २६एएसमध्ये ओळ उमटत नाही. हल्ली विवरणपत्र उघडलं की अर्ध्याहून अधिक आधीच भरलेलं येतं. व्याज, लाभांश, विकलेले युनिट, सरकारला सगळं आधीच ठाऊक असतं, आपण फक्त मान डोलवायची. अण्णांच्या वार्षिक माहिती पत्रकात बँकेच्या बचत खात्याचं किरकोळ व्याजसुद्धा होतं, पण बाईंच्या मागे आलेली रक्कम नव्हती. ती अण्णांनीच सांगायची होती. न सांगितली असती तर कदाचित कोणाला कळलंही नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलेलं होतं. पोवई नाक्याजवळच्या एका फॉर्म भरून देणाऱ्यानं त्यांना तसं सुचवलंही होतं. शिवाय त्यानं दुसरी युक्ती सांगितली होती. त्या वर्षापासून सहज फॉर्ममध्ये सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा दाखवता येतो. अण्णांचा नफा सव्वा लाखाच्या थोडा वर जात होता. “थोडा कमी दाखवा, सहजमध्ये बसवून टाकतो, दुसरा फॉर्म कधी येतोय कोण जाणे.”

दुसरा फॉर्म, म्हणजे आयटीआर-२, खरंच येत नव्हता. जून सरला. आषाढी एकादशीसाठी पंढरपुरात पालख्या पोचल्या. सहज भरणारे भरून मोकळे झाले. अण्णा दर चार दिवसांनी गेटपाशी थांबून विचारायचे आणि मी म्हणायचे, यायचा आहे. या मधल्या काळात बसून राहण्याची गरज नसते, हे मला इथे सांगायलाच हवं. कर भरायला विवरणपत्राचा फॉर्म लागत नाही. पोर्टलवर जाऊन कर निर्धारण वर्ष निवडून स्वयंनिर्धारण कर म्हणून रक्कम भरता येते, चलन ठेवून द्यायचं, फॉर्म आला की त्याचा क्रमांक आत टाकायचा. धंदा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ कराची सक्ती नाही, त्यामुळे हप्ते चुकल्याचं व्याजही नाही. फुलस्केप कागदावरच्या आकड्यावरून आम्ही कर काढला आणि अण्णांनी तो जूनमध्येच भरून टाकला. पुढे सॉफ्टवेअरनं काढलेला आकडा आमच्यापेक्षा दहा रुपयांनी कमी निघाला. त्या दहा रुपयांचा मला अजून राग आहे, कारण गणित माझं बरोबर होतं, फरक पूर्णांकनाचा होता.

घाईनं हाताशी आहे तो फॉर्म भरू नये, हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता सांगताना स्वतःचाच कंटाळा येतो. नको तो फॉर्म भरला तर विवरणपत्र सदोष ठरतं, नोटीस येते, दुरुस्त करून पुन्हा भरावं लागतं. पण अण्णांच्या बाबतीत मला नियमापेक्षा दुसरंच काही वाटत होतं. त्यांनी ते युनिट बाईंच्या औषधांसाठी विकले होते. त्यातला थोडा नफा खोडून टाकणं म्हणजे त्या दोन महिन्यांतला थोडा भाग खोडणं, असं त्यांना वाटत असावं. ते तसं बोलले नाहीत. “जेवढं विकलं तेवढंच लिहू,” एवढंच म्हणाले.

११ जुलैला आयटीआर-२ची एक्सेलची युटिलिटी आली, आणखी आठवड्याभरानं ऑनलाइन भरायची सोय. आम्ही बसलो तेव्हा बाहेर संततधार होती आणि वीज जाऊ नये म्हणून मी देवाजवळ दिवा लावला होता, खरं तर लॅपटॉपची बॅटरी जुनी झालेली. भांडवली नफ्याच्या तक्त्यात प्रत्येक विक्रीपुढे विचारतात: हस्तांतर २३ जुलै २०२४च्या आधी की त्या दिवशी वा नंतर? मी फंडाचं पत्रक शोधत होते. अण्णांना पत्रक लागलं नाही. पहिली विक्री आधीची, दुसरी नंतरची, म्हणाले. आणि मग सांगितलं की २३ जुलैला ते रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते, समोर भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद करून ठेवलेला, आणि अर्थमंत्री बोलताना दिसत होत्या. खाली पट्टीवर सरकत्या अक्षरांत १२.५ टक्के असं काहीतरी आलं होतं. तेव्हा त्यांनी ते वाचलं होतं, पण त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

त्या दिवशी भांडवली नफा पुरा झाला. अण्णांचं स्वतःचं निवृत्तिवेतन आधीच भरून आलेलं होतं, आकडा फॉर्म १६शी जुळला. बाईंच्या नावाचं विवरणपत्र आम्ही त्याच आठवड्यात भरलं, प्रतिनिधी म्हणून अण्णांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला आणि ते मार्गी लागलं. उरली ती एकच ओळ, इतर स्रोतांतली. ती भरायला अण्णा पुढच्या सोमवारी येतो म्हणाले आणि आले नाहीत. श्रावणात बाईंचं वर्षश्राद्ध झालं. गणपती आले, गेले. मी एकदोनदा आठवण केली, मग केली नाही. मुदत होती, कर भरलेला होता, व्याज चढत नव्हतं. शासनानं दिलेले दीड महिने जास्तीचे कोणी कशासाठी वापरावेत हे मी कोण ठरवणार? मात्र मुदत उलटू द्यायची नाही यावर मी ठाम होते. उशिरा भरणाऱ्याला पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ५,००० रुपये शुल्क आहेच, शिवाय मुदत टळली की जुन्या करप्रणालीचा पर्याय त्या वर्षापुरता हातचा जातो. ठेवींच्या व्याजावरची ५०,०००ची सूट, आरोग्य विम्याचा हप्ता, हे सगळं धरून बसलेल्या ज्येष्ठांना तो फटका शुल्कापेक्षा मोठा पडू शकतो.

१५ सप्टेंबरला सोमवार होता आणि पितृपक्षातली नवमी, अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध या दिवशी घालतात. अण्णा सकाळी सातलाच आले, धोतर नेसून, भटजी साडेदहाला येणार म्हणून. येवतेश्वरच्या घाटाकडे कासची फुलं बघायला निघालेल्या गाड्यांची रांग तेव्हाच लागलेली होती. मी लॅपटॉप उघडला. इतर स्रोत, कुटुंब निवृत्तिवेतन, रक्कम. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. सप्टेंबर ते मार्च जमा झालेल्या नोंदी, ऑगस्टच्या उरलेल्या दिवसांचा फरक धरून, एकाखाली एक लिहून बेरीज केलेली. बेरजेखाली दोन रेघा मारल्या होत्या, बाई फळ्यावर मारायच्या तशा. मी ती रक्कम भरली, सॉफ्टवेअरनं वजावट आपोआप काढली, एकूण उत्पन्न बदललं, देय कर शून्य आला. ई-पडताळणी झाली. पावतीची प्रत मी छापून दिली. सगळ्याला वीस मिनिटंही लागली नसतील. “जेवायला या,” एवढं सांगून ते गेले.

दिवसभर पोर्टल उघडत नसल्याच्या तक्रारी बातम्यांत येत राहिल्या. सात कोटींहून अधिक विवरणपत्रं तोवर भरून झाली होती, आणि रात्री उशिरा मंडळानं मुदत आणखी एका दिवसानं वाढवली. १६ सप्टेंबर. मंगळवारी सकाळी पेपर हातात घेऊन अण्णा पुन्हा गेटपाशी. मला वाटलं, मुदतवाढीवर काही बोलतील. त्यांनी बाईंचा फॉर्म १६ पुढे केला.

“पुढच्या वर्षी हिच्या नावाचा येणार नाही ना?”

“नाही येणार.”

“मग याला लॅमिनेट करून घेतो.”

मी म्हटलं, करू नका अण्णा. लॅमिनेट केलेल्या कागदाला पंच मारता येत नाही, फायलीत लागत नाही, आणि उद्या विभागानं काही विचारलं तर झेरॉक्स काढताना चकाकतो. कोषागारात असले कागद आम्ही खिडकीवरूनच परत करायचो. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मान हलवली, आणि दुपारी करून आणला.